मुरलेला चिरूट

काळाच्या हातून वस्तूंचे जे काही होते ते सांगण्यासाठी मराठीने एक नव्हे, अनेक क्रियापदे राखून ठेवली आहेत. आंबा पिकतो, दूध नासते, पीठ आंबते, भात शिळा होतो, कापड विरते, रंग विटतो, लाकूड किडते, लोणचे मुरते. आणि तांदूळ मात्र नुसता जुना होतो व जुना झाला म्हणूनच वाणी त्याचे चार पैसे अधिक घेतो. आयुर्वेदात तर जुन्या तुपाला औषधाचा मान आहे, आणि नवे धान्य पचावयास जड, वर्ष उलटलेले हलके, हे वैद्यांचे मत घरोघर ठाऊक आहे. या सर्व ठिकाणी काम करणारा काळ एकच. लोणच्याचा वैशाख निराळा आणि दुधाचा निराळा असे काही नसते. असे असूनही माणसाविषयी बोलताना आपण ही सारी क्रियापदे बाजूस सारतो आणि वय झालेल्या कोणत्याही गृहस्थाविषयी एकच उद्गार काढतो: आता मुरले हो ते!

या उद्गारात आदर आहे की उपहास, हे केवळ स्वरावरून ओळखावे लागते. मुरलेला गवई म्हटले की आपण सरसावून बसतो. मुरलेला राजकारणी म्हटले की खिसा चाचपून पाहतो. पुन्हा, एखाद्या व्यवहाराचा संशय आला की कोठेतरी पाणी मुरते आहे असेही आपणच म्हणतो. एकाच शब्दाने परिपक्वता आणि लबाडी अशी दोन्ही कामे कशी करावीत, हे कोडे आम्हांस बरेच दिवस पडले होते. त्याचा थोडाफार उलगडा चिरुटाच्या निमित्ताने व्हावा, ही गोष्ट आमच्या काही सात्त्विक वाचकांस रुचणार नाही. परंतु दृष्टान्त जेथे मिळेल तेथून घ्यावा लागतो.

वास्तविक आमचे जबलपूर हे विडीचे गाव. आपल्याकडे ज्याला टेंभुर्णी म्हणतात तेच झाड येथे तेंदू. भर उन्हाळ्यात त्याची पाने तोडावयाची, पन्नास पन्नास पानांच्या गड्ड्या बांधून उन्हात वाळवावयाच्या, हा या महाकोशलातील रानांचा फार जुना उद्योग. १९६४ साली कायदा करून मध्य प्रदेश शासनाने या पानांचा व्यापार आपल्या हाती घेतला, इतका त्यात पैसा. पानाच्या आत भरावयाची तंबाखू मात्र बाहेरची: गुजरातेत चरोतरची, नाही तर बेळगाव जिल्ह्यातील निपाणीची. विडी वळली, दोऱ्याने बांधली, भट्टीवर शेकली, की ती ओढण्यास सिद्ध झाली. ती ठेवून देऊन कोणी मुरवीत नाही. जुनी विडी म्हणजे सादळलेली विडी. तिला पेटवताना काड्यांची पेटी रिकामी होते, याखेरीज तिच्या वयाचा दुसरा काही परिणाम दिसत नाही.

चिरुटाची जात निराळी. हा शब्द मुळात तमिळ. गुंडाळी या अर्थाच्या ‘चुरुट्टु’ या शब्दावरून तो इंग्रजांच्या तोंडी गेला आणि तेथून आपल्याकडे आला. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल ही त्याची दक्षिणेतील प्रसिद्ध ठिकाणे. गोदावरीच्या पात्रातील बेटांवर, ज्यांना तेलुगू लोक लंका म्हणतात, त्यांवर पिकणारी तंबाखूही चिरुटासाठी नावाजलेली. त्रिचनापल्लीच्या चिरुटाची कीर्ती विलायतेत एवढी होती, की १८८७ साली शेरलॉक होम्स प्रथम वाचकांपुढे आला तोच मुळी खुनाच्या जागी सापडलेल्या राखेवरून ती त्रिचनापल्लीच्या चिरुटाची आहे हे ओळखीत. आमच्या गावात मात्र चिरूट हा परका पाहुणा. छावणीच्या बाजूस राहणाऱ्या काही जुन्या लष्करी मंडळींच्या बैठकीत तो कधी दिसला तर दिसतो.

अशाच मंडळींपैकी एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. सैन्याच्या वैद्यकीय विभागात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते येथेच स्थिरावले. हृदयाच्या दुखण्यानंतर त्यांनी स्वतः धूम्रपान सोडले त्याला आता दहा वर्षे होऊन गेली. परंतु चिरूट साठविण्याचा नाद सुटला नाही. ओढायचे नाहीत, तर ठेवता कशाला, असे आम्ही एकदा विचारले. ते म्हणाले, “नातवंडे खेळवतो ना आपण? ती काय आपल्या उपयोगाची असतात?” त्यांनी आमच्यापुढे दोन चिरूट ठेवले. एकाच गावाहून, एकाच वळणाऱ्याकडून आलेले. एक गेल्या महिन्यातला आणि दुसरा तीन वर्षांचा. पारख करण्यापुरते दोन दोन झुरके घ्या आणि टाकून द्या, अशी वैद्यकीय अटही त्यांनी घातली.

आम्ही चिरूट ओढणाऱ्यांपैकी नव्हे. केंद्र सरकारच्या कारकुनाने महिन्याच्या वीस तारखेनंतर चहासुद्धा बेताने घ्यावा, अशी परिस्थिती. तेथे चिरुटाची कथा काय! तथापि नव्या चिरुटाचा पहिला झुरका आम्ही विसरणार नाही. नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर जी वाफ नाकात शिरते, तशी काहीतरी तीक्ष्ण कळ नाकातून थेट मस्तकात गेली. घसा खवखवला, डोळ्यांना पाणी आले, आणि असा ठसका लागला की डॉक्टरसाहेबांच्या घरातील कुत्रा उठून बाहेर गेला. दुसऱ्या चिरुटाचा धूर जिभेवरून असा निघून गेला की तो गेल्याचे मागाहून कळावे. किंचित जळलेल्या गुळाचा, थोडा जुन्या लाकडी कपाटाचा वास मागे राहिला. दोन्ही एकाच पानाचे, हे कोणी शपथेवर सांगितले असते तरी आम्हांस खरे वाटले नसते.

मग डॉक्टरांनी आम्हांस या किमयेची सर्व हकीकत सांगितली. तंबाखूचे हिरवे पान तोडल्यावर ते सावलीत टांगून कित्येक आठवडे वाळवितात. ते तपकिरी होते, पण उग्रच असते. नंतर त्या पानांचे मोठमोठे ढीग रचतात. ओलसर गवताची गंजी जशी आतून आपोआप तापते, तसा हा ढीग तापू लागतो. बाहेरून विस्तव न लावता आतील उष्णता पन्नास अंशांच्याही पुढे जाते. या उष्णतेत पानातील प्रथिने फुटतात, शर्करा आणि पिष्ट जळून जातात, आणि त्यातून अमोनिया बाहेर पडतो. आम्हांला जो ठसका लागला तो त्याचाच. ढीग फार तापला तर पाने करपतात. म्हणून तो वेळोवेळी मोडावा लागतो, आतील पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी उलथापालथ करून पुन्हा रचावा लागतो. हे असे कित्येकदा. त्यानंतर पाने गाठोड्यांत बांधून महिनोन् महिने, उत्तम जातीची असली तर काही वर्षे, निजवून ठेवतात. चिरूट वळताना पान पुन्हा भिजवावे लागते, त्याबरोबर निजलेला उग्रपणा पुन्हा थोडा जागा होतो, आणि तो शमावा म्हणून वळलेले चिरूट पुन्हा पेटीत विश्रांती घेतात.

यात एक मौजेची गोष्ट अशी, की नुकताच वळलेला चिरूट पुष्कळदा ओढण्यास बरा लागतो आणि वर्षा-दोन वर्षांनी तर लागतोच; पण मधल्या काही महिन्यांत तो धड इकडचा ना तिकडचा असा असतो. शौकीन लोक या काळास चिरुटाचे आजारपण म्हणतात. तिशी ओलांडलेल्या आणि चाळिशी न गाठलेल्या आम्हां मंडळींना हे ऐकून फार बरे वाटले.

आता यात काळाचा वाटा किती? नुसते ठेवून दिल्याने चिरूट सुधारला असता, तर जबलपुरासारखे गाव त्याला नको होते. येथे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि वारा असा कोरडा वाहतो की दाराच्या फळ्यांना भेगा पडतात. त्या हवेत उघडा ठेवलेला चिरूट आठवड्यात कडकडीत वाळतो, त्यातील सुगंधी तेले उडून जातात आणि ती मागाहून पाणी शिंपडून परत येत नाहीत. श्रावणात उलट प्रकार. भिंतींना ओल येते आणि चिरुटावर पांढरी बुरशी चढते. या दोहोंतून वाचला तरी तंबाखूचा म्हणून एक बारीक किडा आहे. त्याची अंडी पानातच असतात, आणि उष्मा पंचविसाच्या वर गेला की ती उबून किडा चिरुटाला सुईने टोचावी तशी छिद्रे पाडीत बाहेर येतो. म्हणून डॉक्टरसाहेब उन्हाळ्यात पेटीत पाण्याचा बोळा ठेवतात, पावसाळ्यात काढून घेतात, आणि घरातील सर्वांत थंड खोली माणसांना न देता चिरुटांना देतात. पेटीचे लाकूडही ठराविक. त्याला इंग्रजीत देवदाराचे नाव असले तरी ते देवदार नव्हे; कडुनिंबाच्या कुळातील, आपल्या इकडच्या तूणीच्या भावकीतले ते झाड आहे. एवढे सारे करावे, तेव्हा काळ आपले काम करणार. आणि तेही मुळात पान चांगले असेल तर. हलक्या पानाचा चिरूट दहा वर्षे पेटीत ठेवला तरी दहा वर्षांनी तो हलक्या पानाचा जुना चिरूट होतो. चांगलाही फार काळ राहिला तर त्याचा गंध उडतो, चव उडते, आणि नुसता सौम्य धूर तेवढा उरतो.

येथवर ऐकल्यावर आम्ही मनाशी एक सुंदरसा निबंध रचू लागलो होतो. यौवनाचा उग्रपणा, अनुभवाची ऊब, प्रौढत्वाचा सुगंध, अशी त्याची वाक्येही जुळत आली होती. डॉक्टरांनी तो तेथेच मोडला. आम्ही सहज म्हणालो, की जुना चिरूट प्रकृतीसही कमी अपायकारक असेल. ते हसले. “ठसका गेला आहे,” ते म्हणाले, “विष कोठे गेले?”

त्यांचे म्हणणे असे, की उग्रपणा कमी झाला म्हणून तंबाखूचा अपाय कमी होत नाही. निकोटीन पानात राहतेच. चिरुटाच्या धुराचा गुण असा की तो छातीत ओढला नाही तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरते. आणि एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. एवढेच नव्हे, तर कर्करोगास कारण होणारी नायट्रोसामीन नावाची जी द्रव्ये तंबाखूत सापडतात, ती हिरव्या पानात जवळजवळ नसतात. ती पान वाळताना, आंबताना आणि साठवणीत असताना तयार होतात. म्हणजे ज्या काळात पान गोड होत असते, त्याच काळात त्यात नवे विषही जमत असते. नव्या चिरुटाचा ठसका ही शरीराने दिलेली सूचना होती: हे घेऊ नकोस. मुरलेल्या चिरुटाने ती सूचना तेवढी काढून टाकली. दोन झुरक्यांवर टाकून देण्याची अट आम्ही नव्या चिरुटाच्या बाबतीत आनंदाने पाळली होती. जुना टाकताना आमचा हात किंचित रेंगाळला, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

पाणी मुरते म्हणजे ते नाहीसे होत नाही, आत जाते. ‘मुरणे’ या शब्दाचा जो दुहेरी स्वभाव आम्हांस कोड्यात टाकीत होता, तो आम्हांस त्या बैठकीत उमगला.

जबलपूरच्या माणसाला हे खरे तर चिरुटावाचूनही कळावयास हवे होते. १८३० नंतरच्या दशकात याच गावी बसून विल्यम स्लीमनने ठगांचा पाठलाग केला, आणि येथून उत्तरेस त्याच्या नावाचे स्लीमनाबाद अद्याप आहे. स्लीमनच्या दप्तरावर सर्वस्वी विसंबू नये, त्यात साहेबी कल्पनेची भर पुष्कळ आहे, असे अलीकडचे इतिहासकार बजावतात, आणि ते योग्यच आहे. तरीपण माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून ठगीची जी रीत दिसते, ती विचार करण्याजोगी आहे. दरोडेखोर तलवार घेऊन अंगावर येतो. ठग तसा येत नसे. तो यात्रेकरूंच्या तांड्यात सामील होई, दिवस दिवस त्यांच्याबरोबर चाले, गोड बोले, परिचय मुरू देई, आणि मग मुक्कामावर रुमाल काढी. त्याच्या धंद्याचे सारे भांडवल सौम्यपणा हेच होते. पुढे याच शहरात साक्षीदार ठगांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली, आणि त्यांचे हात सतरंज्या, गालिचे आणि तंबू विणू लागले. पाहुणे येत आणि या म्हाताऱ्यांची शांत मुद्रा पाहून थक्क होत. ती शांती पश्चात्तापाची होती, वयाची होती, की भोवतालच्या भिंतीची, हे त्या मुद्रेवरून कोणास सांगता आले असते?

आमच्या सरकारी जीवनाचा तर मुरण्यावर फार मोठा विश्वास आहे. १ सप्टेंबर २००८ पासून लागू झालेल्या योजनेनुसार, बढती मिळाली नाही तरी, कर्मचाऱ्यास दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते. यास आमचा विरोध आहे असे कृपा करून कोणी समजू नये. आमची दहा वर्षे नुकतीच भरली आहेत. परंतु ज्येष्ठतेच्या यादीकडे पाहताना आम्हांस कधी कधी वाटते, की ही यादी पेटीतील वर्षे मोजते, पेटीत काय झाले ते मोजण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

फार पूर्वी एका कार्यालयात आम्हांस एक अधीक्षक लाभले होते. अपुरी टिप्पणी गेली तर फाइल टेबलावर न येता हवेतून येई. त्यांच्या आवाजाने नवे कारकून घामाघूम होत. परंतु कोणा विधवेच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण त्यांच्या टेबलावर रात्रीचा मुक्काम करीत नसे, हेही आम्ही पाहिले आहे. काही वर्षांनी ते पुन्हा भेटले तेव्हा ओळखू येत नव्हते. आवाज खाली आलेला, मुद्रा प्रसन्न, चुकीच्या बिलावरही स्मित करून सही. सारे कार्यालय म्हणे, साहेब मुरले. आम्ही त्यांच्या टेबलाकडे पाहिले. तेथे प्रकरणांची तीन महिन्यांची चळत होती. हे मुरणे नव्हते, वाळणे होते. ठसक्याबरोबर गंधही गेला होता. दुसऱ्या एका ठिकाणी याहून निराळे गृहस्थ होते. जन्मात कोणावर रागावले नाहीत. काम अडलेला माणूस आला की त्याला चहा पाजीत, मुलाबाळांची चौकशी करीत, आणि काम अडलेलेच ठेवीत. उद्धट ‘नाही’विरुद्ध तक्रार करता येते, त्यांच्या गोड ‘पाहू’विरुद्ध कोणाकडे दाद मागावी?

मग खरे मुरणे कोणते? ते नसतेच, असे म्हणण्याइतके आम्ही निराश नाही. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जोडे आणि खुर्च्या फेकण्यापर्यंत पाळी आली तेव्हाचे टिळक आणि १९१६ साली लखनौस मवाळांबरोबर एका मंडपात बसून मुस्लिम लीगशी करार घडविणारे टिळक, यांत मंडालेची सहा वर्षे आहेत. मंडाले हा ब्रह्मदेश, चिरुटाचाच मुलूख. आणि तुरुंगाच्या लाकडी खोलीत, त्या देशीच्या हिवाळ्यात, त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढले. बाहेर आल्यावर त्यांचा कडवटपणा ओसरला, प्रतिपक्षाशी जुळवून घेण्याची शक्ती वाढली. मागणी मात्र एका तसूनेही कमी झाली नाही. होमरूलची चळवळ त्याच १९१६ सालची. आतील सत्त्व ज्याचे त्याला राहिले आणि धार तेवढी बोथट नव्हे, नेमकी झाली. अशांविषयी मुरले हा शब्द आम्ही आनंदाने वापरू. उलट आगरकर. ते १८९५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच गेले. पेटीत निजण्याचा अवकाश त्यांना मिळाला नाही. ज्यांच्या जिवंतपणी पुण्याच्या सनातन्यांनी प्रेतयात्रा काढली त्या माणसाचा ठसका काळाने काढून घेतला असता, तर महाराष्ट्राचे काही भले झाले असते असे आम्हांस वाटत नाही. काही पाने उग्रच असावी लागतात.

परंतु टिळकांचा विचार करताना एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ते मंडालेस असतानाच, १९१२ साली, इकडे सत्यभामाबाई वारल्या. सुरतेच्या आधीचे आणि नंतरचे, सारे वादळी टिळक त्यांनी पाहिले. मंडालेहून परतलेले टिळक मात्र त्यांच्या वाट्यास आले नाहीत. हा कोणाचा दोष नव्हे. पण मुरण्याच्या हिशेबात ही एक बाजू आहे, आणि ती आपण मांडीत नाही.

तंबाखूच्या ढिगातून अमोनिया बाहेर पडतो, असे वर आम्ही किती सहज लिहून गेलो! तो जातो कोठे? ढीग मोडणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतून वर्षानुवर्षे बायाच काम करीत आल्या. तेथली तंबाखू विडीची, तिची रीत थोडी निराळी. पण खकाणा तोच. तोंडाला पदर बांधून त्या तंबाखू कुटतात, चाळतात, आणि घरी गेल्यावर पदराच्या वासाने पोर अंगाशी येईनासे होते. पुढे ती तंबाखू जबलपुरास येऊन विडी होते आणि कोणी तरी झाडाखाली बसून ती स्वस्थपणे ओढतो. चिरुटाचा शौकीन पेटी उघडून सुगंधाचे कौतुक करतो, तेव्हा त्याच्यापर्यंत पोचलेली असते ती फक्त शेवटची अवस्था. पानाने आपला उग्रपणा कोणावर तरी सोडलेला असतो. तो ज्याच्यावर सोडला तो सुगंध घेण्यास क्वचितच हजर असतो.

हे आम्हांस सुचले ते घरातल्या एका गोष्टीवरून, हे सांगितल्यावाचून लेख प्रामाणिक होणार नाही. आमचे वडील येथील एका सरकारी कारखान्यात नोकरीस होते. त्यांच्या संतापाची आठवण आजही आमच्या पाठीत आहे. भाजीत मीठ कमी पडले तर ताट सरकवून ते उठत, आणि मग आईही जेवत नसे. तिने असे किती उपास काढले याची नोंद कोठे नाही. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली. आज वडील पंचाहत्तरीच्या घरात आहेत आणि त्यांच्याइतका शांत माणूस आमच्या आळीत नाही. नातवाला मांडीवर घेऊन नर्मदेच्या परिक्रमेच्या गोष्टी सांगतात, विजेचा दिवा गेला तर कोणावर ओरडत नाहीत, दूधवाला पाणी घालतो हे ठाऊक असूनही त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतात. हे ढोंग नव्हे. आम्ही पुष्कळ बारकाईने पाहिले आहे. त्यांच्या आतले विष गेले की नुसता ठसका गेला, असा प्रश्न स्वतःच्या जन्मदात्याविषयी विचारणे बरे दिसत नाही, म्हणून आम्ही तो विचारीत नाही. पण त्यांच्या पायाशी बसून त्या शांतीचे सुख घेताना आम्हांस कोणाच्या तरी पानावर जेवल्यासारखे वाटते.

परवा पिठल्यात मीठ घालावयाचे राहिले. वडिलांनी दोन घास घेतले, काही न बोलता मिठाची वाटी पुढे ओढली, चिमूटभर मीठ घेतले आणि नातवाच्या पानातही चिमूटभर टाकले. मागाहून आमची पत्नी म्हणाली, “बाबांसारखा सासरा मिळायला भाग्य लागतं. सासूबाईंना किती सुखात ठेवलं असेल त्यांनी!” लग्न झाले तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती, वर्षभरात ती गेली, त्यामुळे तिला यापलीकडचे काही ठाऊक नाही. आम्ही हात धुवून उठलो. तिला आम्ही अद्याप काही सांगितलेले नाही.